समुद्र नसलेल्या बंदरातली भाताची वाटी

बंदर म्हटलं की पाणी हवंच, ही माझी चोपन्न वर्षांची समजूत रायपूरने एका दिवसात मोडीत काढली.

मी उरणची. माझ्या माहेरच्या अंगणातून पूर्वी खाडी दिसायची, आता कंटेनरच्या चळती दिसतात. जहाजातून उतरलेला माल सोडवून पुढे धाडणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी तीस वर्षं कागदपत्रं सांभाळते आहे. कुठला कंटेनर कुठे निघाला, कोणता कुठे अडकला, हे मला नातेवाइकांच्या तब्येतीइतकं ठाऊक असतं. रायपूर मात्र माझ्यासाठी कागदावरचं एक नाव होतं आणि फोनवरचा एक आवाज.

तो आवाज माधुरीचा. रायपूरजवळच्या एका कंटेनर डेपोत ती मालाची ने-आण बघते. अकरा वर्षं आम्ही रोज बोलतो. तिच्या लेकीच्या गोवरापासून माझ्या गुडघेदुखीपर्यंत सगळं एकमेकींना माहीत, पण तोंड बघितलेलं नाही. या श्रावणाच्या अखेरीस मी मालकांना सांगितलं की तांदळाचा माल बघायला जाते. खरं म्हणजे मला माधुरी बघायची होती.

तांदळाची भानगडही खरी होती म्हणा. रायपूरच्या कारखान्यांसाठी यंत्रांचे भाग कंटेनरमधून आमच्या बंदरावर येतात आणि पुढे तिकडे जातात. तिथे रिकामा झालेला कंटेनर नुसती हवा भरून ट्रकवरून उरणला परत येतो. आणि त्याच रायपूरचा सुवासिक तांदूळ, आखातात जायचा असतो म्हणून, वेगळ्या ट्रकमधून आमच्याकडे येतो, गोदामात उतरतो आणि मग कंटेनरमध्ये भरला जातो. एका कामाला दोन ट्रक, आणि दोन्ही आमच्या घरासमोरच्या रांगेत धूर ओकत उभे. माझ्या खिडकीच्या गजांवर रोज सकाळी काजळीचा थर बसतो. माधुरीचं म्हणणं असं, की रिकामा कंटेनर तिथेच तांदळाने भरा आणि रेल्वेने थेट बंदराला पाठवा. हे ऐकलं तेव्हा मला माझ्या खिडकीचे गज आधी दिसले, मान्य करते.

दोन वर्षं ती हे सगळ्यांच्या गळी उतरवत होती. शेवटी तांदळाच्या गिरणीचे मालक, ज्यांना सगळे नुसतं सेठजी म्हणतात, ते एकदा करून बघायला तयार झाले. बारा कंटेनर, सगळे एकाच गाडीने, एकही कमी नाही. नाही जमलं तर सगळा माल नेहमीसारखा ट्रकने जाईल आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं त्यांनी तिला बजावलं होतं. माधुरीची एवढी एकच संधी होती.

गाडीची तारीख मी ठरवली. गणपतीत आमच्याकडे अर्धं बंदर गावी पळतं, तेव्हा गाडी गणपतीच्या आधी निघू दे, असा मी हट्ट धरला. माधुरी फोनवर "हव" म्हणाली. तिकडे होकाराला हव म्हणतात. मी खूश झाले आणि तिकीट काढलं.

चौबे कॉलनी, पोळ्याचा दिवस

पहिला घोटाळा माझ्या पिशवीने केला. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून मी माधुरीसाठी किलोभर सुका जवळा घेतला होता, चांगला तीन पिशव्यांत बांधून. भुसावळ मागे पडलं तसा डब्यातला एकेक जण नाक उचलून इकडेतिकडे बघायला लागला. नागपूरला एक काकू जागा बदलून गेल्या. मी खिडकीबाहेर बघत निष्पाप चेहरा करून बसले, दुसरं काय करणार.

रायपूर स्टेशनवर मी एका उंच, ठसठशीत बाईला शोधत होते, कारण आवाज तसा होता. माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली ती खांद्यापर्यंत येणारी, हेल्मेट काखेत मारलेली एक चिमुकली बाई. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटलो.

"ताई, तुमचा आवाज आयकून मले वाटे का तुमी चांगल्या उंच-धिप्पाड असान," ती म्हणाली.

म्हणजे दोघींची सारखीच फसगत झाली होती. मी तिला तिथेच मिठी मारली. अकरा वर्षांचं माणूस एकदम हातात आल्यावर काय करतात, मला सुचलंच नाही, डोळे मात्र भरून आले.

चौबे कॉलनीतल्या तिच्या घरी सासूबाई वाट बघत होत्या. त्या मूळच्या वर्ध्याकडच्या, रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर लग्न होऊन इथे आलेल्या, त्यांचा मुलगाही आता रेल्वेतच. बोलणं वऱ्हाडी, स्वयंपाकही तिकडचा, पण मधे मधे छत्तीसगडी शब्द असे येतात की त्यांच्याही लक्षात येत नाही. नात मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. मी तिच्याशी मराठीत आणि ती माझ्याशी हिंदीत, असे आमचे तीन दिवस मजेत गेले.

त्या दिवशी पोळा होता, तिकडे त्याला पोरा म्हणतात. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांत पोळ्याचं एवढं प्रस्थ नाही. इथे घरोघर मातीचे बैल, आणि मुलींसाठी मातीचं इवलंसं जातं, चूल, भांडी. देवापुढे पुरणपोळी आणि शेजारून आलेली ठेठरी-खुरमी. ठेठरी आपल्या कडबोळ्याच्या जातीची, खुसखुशीत. खुरमी गुळाची, जाड शंकरपाळ्यासारखी. सकाळी न्याहारीला तांदळाच्या पिठाचा चीला मिळाला तेव्हा तर मला माझ्या आईचं घावन आठवलं. सातशे मैलांवर येऊन आपलंच घावन खायला मिळतं, याचा मला केवढा आनंद झाला. मी भाताच्या खाचरात वाढलेली पोर आहे. हीही माणसं तांदळाचीच आहेत, हे कळल्यावर परकेपणा कुठल्या कुठे गेला.

जवळ्याचं मात्र स्वागत नीट झालं नाही. सासूबाई माळकरी निघाल्या. त्यांनी पिशवीकडे एकदा बघितलं आणि पिशवी गच्चीवर गेली.

संध्याकाळी माधुरी म्हणाली, चला, मरीन ड्राइव्ह दाखवते. मला वाटलं थट्टा करते आहे. पण तेलीबांध्याच्या तळ्याकाठच्या रस्त्याला खरोखरच सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात. तळं छान आहे. कठडा आहे, भेळवाले आहेत, जोडपी आहेत, लाट तेवढी नाही. मी समुद्रकाठची, त्यामुळे मला आधी हसू आलं आणि मग त्या लोकांचं कौतुक वाटलं. आपल्याकडे नाही ते नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा तळ्याला समुद्र म्हणायला हिंमत लागते.

तिथे कठड्यावर बसून भेळ खाताना माधुरीने हळूच खरी गोष्ट सांगितली. डेपोत कंटेनर धुऊन, तपासून, आतून कागद लावून देणारी सगळी टोळी बायकांची आहे, बारा जणींची. आणि तीन दिवसांवर तीज आली आहे. आपली हरतालिका म्हणजे एक दिवसाचा उपास. इथे तीजेला प्रत्येक लग्न झालेली बाई माहेरी जाते, मग ती नुकती लग्न झालेली असो की नातवंडांची आजी. भाऊ न्यायला येतो. त्याच्याबरोबर नाही गेलं तर माहेरच्या दारात ती वाट बघणारी आई, तो भाऊ, सगळ्यांचाच अपमान. पोऱ्यानंतर बायका निघायला लागतात. त्यांना उद्या दुपारपर्यंतच थांबवता आलं होतं.

मी म्हटलं, अगं मग तारखेला हो कशाला म्हणालीस?

"तुमी गणपतीचं म्हणाल्या ना ताई. तुमी मोठ्या. तुमाले नाही कशी म्हणू?"

मी भेळेचा द्रोण खाली ठेवला. आमच्या गणपतीसाठी मी बारा बायकांच्या माहेरपणावर गाडी आणून उभी केली होती, आणि ही पोरगी मान राखायचा म्हणून गप्प बसली होती. तिच्यावर रागवावं की स्वतःवर, कळेना. ती म्हणाली, दहा कंटेनर उद्या सकाळपर्यंत होऊन जातील, राहिलेले दोन इथे कमी पडले म्हणून तुम्हीच रिकामे पाठवलेले आहेत, स्वच्छतेचा दाखला लावून, तेव्हा काळजी नाही.

बीरगावच्या वाटेवर

सकाळी स्कूटरवर मागे बसून निघाले. मधे एका टपरीवर पोहे-जिलेबी झाली, पोह्यांवर शेव आणि शेजारी गरम जिलेबी, एक घास तिखट एक घास गोड. पुढे बीरगावचा रस्ता लागला. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या होत्या, सायकली आणि डबे घेतलेली माणसं दोन्ही बाजूंनी चालली होती. आणि मग एका वळणानंतर, भाताची हिरवीगार शेतं संपतात तिथे, मला माझी चळत दिसली.

तेच रंग, तीच अक्षरं, तोच कोपऱ्यांवरचा गंज. समुद्रापासून इतक्या लांब, लाल मातीत, बगळ्यांच्या शेजारी उभे असलेले कंटेनर. मी स्कूटर थांबायच्या आधीच उतरले आणि माधुरी घाबरून ओरडली. पहिल्याच रांगेत एक नंबर ओळखीचा निघाला. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडे सहा दिवस अडकला होता, मी रोज त्याच्यासाठी भांडत होते. त्याच्या दारावरून मी हात फिरवला. लोक बघत होते, बघू देत.

मला सगळंच बघायचं होतं. रूळ डेपोच्या आत कसे येतात, क्रेन कशी उचलते, तांदळाची पोती कुठून चढतात. माधुरी मला कंटेनरच्या आत घेऊन गेली आणि बाहेरून दार लावून घ्यायला सांगितलं. मिट्ट काळोख झाला. ती म्हणाली, आता छताकडे बघा. कुठे सुईएवढाही उजेड दिसला तर तिथून पाणी येणार, तो कंटेनर बाद. कागदावर मी तीस वर्षं "छिद्ररहित" हा शब्द वाचते आहे. तो शब्द आतून असा दिसतो, हे मला चोपन्नाव्या वर्षी समजलं, आणि मी लहान मुलीसारखं सांगितलं, अजून एका कंटेनरमध्ये जाऊ या.

पुढच्या कंटेनरच्या दारात मात्र एका बाईने मला अडवलं. पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला, हातात स्टीलची वाटी. ही रमशीला दीदी, टोळीची प्रमुख. तिने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघून नाक फेंदारलं.

"दीदी, तुंहर झोला म मछरी हे का?"

पिशवीत मासळी आहे का, असं विचारत होती. नव्हती, पण कालपर्यंत होती. पिशवी बाहेर ठेवून यावं लागलं. सगळ्या बायका खदखदून हसल्या आणि मीही हसले, कारण बाईचं नाक खरोखर अजब होतं.

त्या नाकाचं काम मग मी बघितलं. कंटेनर धुऊन वाळला की रमशीला दीदी त्यात गरम गरम भाताची एक उघडी वाटी ठेवते. ताजा शिजवलेला, बिनमिठाचा, वाफ निघणारा. दार लावून घेते. अर्ध्या तासाने उघडते आणि तो भात खाते. कंटेनरमध्ये आधी काय भरलं होतं ते भात सांगतो, कारण गरम भात आजूबाजूचा वास ओढून घेतो. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. माहेरी भाताच्या कोठीत रॉकेलचा डबा ठेवला होता तेव्हा घरच्यांनी वर्षभर रॉकेलचा भात खाल्ला, त्यातून ती शिकली. भात चांगला लागला तरच आत कागद लागतो आणि पोती चढतात.

दहा कंटेनर तिच्या जिभेच्या परीक्षेतून पार पडले. फाटकाबाहेर एकेक मोटारसायकल येऊन थांबत होती. भाऊ लोक आले होते, नव्या शर्टात, हँडलला पिशव्या अडकवलेल्या. बायकांचं लक्ष अर्धं तिकडे. सगळीकडे लगीनघाई होती आणि मला त्या दिवशी तिथे असणं फार आवडत होतं.

मग रमशीला दीदीने अकराव्या कंटेनरमधली वाटी बाहेर आणली, एक घास घेतला आणि थुंकला. बाराव्यातल्या वाटीचंही तेच झालं.

दोन वाट्या

हे दोन माझे. उरणहून मी पाठवलेले.

मी कागद काढले. धुतल्याचा दाखला होता, वाळवल्याचा होता, शेवटी ओळ होती, "कंटेनर स्वच्छ, कोरडा व वासरहित आहे", आणि खाली माझी सही. मी तो कागद रमशीला दीदीला दाखवला. सेठजीही तोवर गाडीतून उतरले होते. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, बंदराचा दाखला आहे म्हणजे झालं, भरा.

रमशीला दीदीने कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि परत दिला.

"कागज ला कोनो नइ खावय दीदी. भात ला खाथें."

कागद कुणी खात नाही, भात खातात. तिने वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "ले, चीख के देख." घे, चाखून बघ.

मी घास घेतला. रबर. जुन्या टायरचा, उन्हात तापलेल्या रबराचा वास थेट घशात उतरला. कधीतरी त्या कंटेनरमधून टायर गेले असणार. आमच्याकडे त्यावर पाण्याचा फवारा मारला गेला, कागद माझ्या टेबलावर आला आणि मी सही केली, जशी रोज करते. उठून, चार पावलं चालून, वास घ्यायला मी कधी गेले नव्हते. खाचरात वाढलेली मी, मला भाताचं कौतुक, आणि माझ्या सहीने हा वास कुणाच्या तरी ताटात जाणार होता. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

मी सेठजींकडे वळले आणि त्यांनाही घास घ्यायला लावला. त्यांनी तोंड वाकडं केलं. मी दाखल्यावरची माझी सही त्यांच्यासमोर आडवी रेघ मारून खोडली आणि सांगितलं, हे दोन आज जाणार नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं. उद्या दुपारी तीनपर्यंत बारा भरलेले रुळावर नसतील तर माझे ट्रक तयार आहेत, एवढं म्हणून ते गेले. माधुरीने मान खाली घातली. तिची दोन वर्षं माझ्या एका सहीने पाण्यात चालली होती.

आता दोन कंटेनर कोण धुणार? बायकांची दुपार झाली होती. भाऊ उभे होते. रमशीला दीदीला थांब म्हणायचं माझ्या तोंडात येईना, माधुरीच्याही येईना. वर्षातून एकदा आई वाट बघते, तिथे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी चपला काढल्या, साडी वर खोचली, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि अकराव्या कंटेनरमध्ये शिरले. माधुरी बादली घेऊन मागे. गुडघा कुरकुरत होता, त्याला गप्प बस म्हटलं.

पाचेक मिनिटं झाली असतील. दारात रमशीला दीदी उभी होती आणि माझं झाडणं बघून तिचं हसू आवरत नव्हतं.

"बहारे ल नइ आवय का दीदी?"

झाडता येत नाही का, विचारत होती. तिने माझ्या हातातला खराटा काढून घेतला. फाटकाकडे बघून भावाला हाक मारली, त्याच्याशी काहीतरी भराभर बोलली. तो आधी गोंधळला. नव्या शर्टाकडे बघत उभा राहिला. मग त्याने शर्ट काढून मोटारसायकलवर ठेवला आणि बादली उचलली. त्याचं बघून आणखी चार भाऊ आत आले. बहिणी तर आधीच खराटे घेऊन शिरल्या होत्या, त्यांना लवकर न्यायचं तर हात लावणं भाग होतं. छत्तीसगडात तीजेला न्यायला आलेले भाऊ बहिणींच्या हुकमाने लोखंड घासत आहेत, हे दृश्य बघायला डेपोचे हमालसुद्धा जमले.

सोड्याचं गरम पाणी झालं. मग सेठजींच्याच गिरणीतून भाताच्या भुशाची जळकी काळी राख पोत्यांनी आणली. ती कंटेनरच्या तळाच्या फळ्यांवर पसरायची, दारं उघडी ठेवून ऊन खेळवायचं, राख वास पिऊन घेते. गिरणीमागे ज्या राखेचे ढीग पडून असतात, ती तांदूळ वाचवायला कामाला आली, हे बघून माधुरीच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. संध्याकाळी बाकीच्या बायका भावांबरोबर गेल्या. रमशीला दीदीचा भाऊ बीरगावात मामेभावाकडे मुक्कामाला राहिला. ती उद्या जाणार होती.

तीजेच्या आदल्या दिवशी

सकाळी राख झाडली, पुन्हा धुतलं, वाळवलं. डेपोच्या मागच्या चुलीवर भात शिजला. दोन वाट्या दोन कंटेनरमध्ये गेल्या. तो अर्धा तास मी आणि माधुरी एका पोत्यावर बसून होतो. 

रमशीला दीदीने दोन्ही वाट्या आणल्या आणि स्वतः न खाता माझ्या हातात दिल्या.

"अब तुमन बतावव, दीदी."

आता तुम्ही सांगा. तिचा भाऊ गाडी सुरू करून उभा होता. संध्याकाळी माहेरी करू भात असतो, उपासाच्या आधीचं जेवण, कारल्याची भाजी आणि भात, सगळ्या बहिणींनी एकत्र बसून खायचं. तेवढ्यासाठी तिला वेळेत पोचायचं होतं.

पहिली वाटी चांगली होती. अगदी चांगली. दुसरीचा घास घेतला. चांगलाच वाटला. मग गिळल्यावर, मागून, अगदी पुसट, तेच. मी थांबले. कुणाला कळलं नसतं. माधुरी माझ्या तोंडाकडे बघत होती, भाऊ घड्याळाकडे, आणि मला त्या सगळ्यांना "झालं" असं सांगायची इतकी इच्छा झाली की शब्द ओठांवर आला होता.

"अजून येतोय," मी म्हटलं.

रमशीला दीदीने माझ्या वाटीतला एक घास घेतला, डोळे मिटून चावला आणि मान हलवली. हव. तिने भावाला गाडी बंद करायला सांगितली. पुन्हा राख, पुन्हा ऊन, आणि त्या दिवशी ऊनही असं पडलं की कंटेनरला हात लावता येईना. बाकीचे अकरा भरून होत होते. दुपारी एकच्या सुमाराला तिसरी वाटी आली.

मी घास घेतला आणि वाट बघितली. गिळला. अजून वाट बघितली. काही नाही. नुसता भात. मी वाटी संपवली. ते बघून माधुरीला कळलं आणि ती रडायला लागली.

रमशीला दीदीला थांबायला वेळ नव्हता. तिने हात धुतले, पिशवी घेतली. मला काय द्यावं सुचेना, आणि मग जवळा आठवला. सासूबाईंच्या गच्चीवरून तो सकाळीच माधुरीच्या स्कूटरच्या डिकीत, चार पिशव्या घालून, हद्दपार झाला होता. मी तिला तो दिला. तिने वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. उपास सुटला की दुसऱ्या दिवशी आईबरोबर खाईन म्हणाली. त्याच्या बदल्यात तिने तिची स्टीलची वाटी माझ्या हातात ठेवली, आणि भावाच्या मागे बसून, पिशवी मांडीवर घट्ट धरून, निघून गेली.

पोती चढली, दारं बंद झाली, सील लागलं. तीनला दहा मिनिटं कमी असताना बारावा कंटेनर क्रेनने उचलून रुळावरच्या गाडीवर ठेवला. सेठजी बघत उभे होते. त्यांनी ट्रकवाल्याला फोन करून उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. गाडी हलली तेव्हा मी आणि माधुरी हात हलवत राहिलो, कुणी माणूस आत नसताना.

उरण

मी हरतालिकेच्या संध्याकाळी घरी पोचले आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसवले. नैवेद्याला वरण-भात वाढताना त्या वाटीतच वाढला. सूनबाईने विचारलं, ही कुठली वाटी? मी म्हटलं, सांगते नंतर, फार मोठी गोष्ट आहे.

बारा कंटेनर बंदरावर आले, जहाजावर चढले, गेले. आमच्या घरासमोरून त्यांच्यासाठी एकही ट्रक गेला नाही. खिडकीच्या गजांवर काजळी आहेच, बाकीचे ट्रक थोडेच थांबलेत. पण मी त्या दिवशी मुद्दाम बोट फिरवून बघितलं आणि मला ती थोडी कमी वाटली. वाटू द्या मला तेवढं.

गणपती गेले आणि माधुरीचा फोन आला. सेठजी दिवाळीआधी पुन्हा माल देऊन राहिले, या खेपेला चोवीस कंटेनर. सहा रिकामे आपल्याकडून लागतील. तारीख सांगू का, म्हणाली. मी आधी विचारलं, रमशीला दीदीला विचारलंस?

"तिनंच दिली तारीख, ताई. तिच्या टोळीचं सगळं पाहून."

दुसऱ्या दिवशी मी घरून डब्यात गरम भात नेला. टेबलावर सहा दाखले सहीसाठी येऊन पडले होते. मी ते तसेच ठेवले, चपला घातल्या आणि यार्डात गेले. यार्डातली पोरं कुतूहलाने मागे मागे आली. पहिल्या कंटेनरमध्ये रमशीला दीदीची वाटी ठेवून दार लावून घेतलं आणि अर्धा तास उन्हात उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, मॅडम, नैवेद्य कुणाला? मी घड्याळ बघितलं. दार उघडलं, घास घेतला, गिळला आणि वाट बघितली.

नुसता भात होता. मग मी त्या दाखल्यावर सही केली.